सातवा गठ्ठा

नोकरीची अवघी चार वर्षे उरली असताना, म्हणजे ज्या वयात सरकारी माणसाच्या मनात निवृत्तिवेतनाचा हिशेब, मुलीचे लग्न आणि गुडघेदुखी यांखेरीज अन्य कोणत्याही विषयास सहसा दाखला मिळत नाही अशा वयात, आमच्या साहेबांनी मला एके दिवशी आत बोलाविले, समोरच्या खुर्चीवर बसावयास सांगितले, चहाही मागविला, आणि या तिन्ही अशुभ लक्षणांचा अर्थ मी लावण्याच्या आतच मला असे ऐकविले की, आपल्या कार्यालयात परिवर्तन घडवून आणण्याची जबाबदारी माझ्याकडे सोपविण्यात आली आहे. गोदावरीच्या खोऱ्यातील एका जिल्ह्याच्या गावी असलेले आमचे ते कार्यालय काही फार मोठे नव्हते. साठेक माणसे, शंभरावर कपाटे, दोन मांजरे आणि आवारातला एक वड एवढाच त्याचा पसारा. यांपैकी वडाखेरीज कोणातही तीस वर्षांत काही फरक पडलेला मी पाहिला नव्हता, आणि वडानेही पारंब्या सोडण्यापलीकडे काही केले नव्हते.

"पण साहेब, मीच का?" असे मी अदबीने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही सर्वांत अनुभवी आहात." हा शब्द आमच्या खात्यात ज्याला यापुढे बढती मिळणार नाही त्याच्यासाठी राखून ठेवलेला आहे हे मला ठाऊक होते. खरे कारण मागाहून कळले. माझ्याआधी ज्यांची नावे निघाली होती त्यांपैकी एक जण दीर्घ रजेवर होता, दुसऱ्याने वैद्यकीय प्रमाणपत्र हजर केले होते, आणि तिसऱ्याने, जो आमच्यात सर्वांत बुद्धिमान समजला जाई, "कल्पना फारच उत्तम आहे साहेब, याविषयी एक सविस्तर टिपणी सादर करतो," असे म्हणून आपली सुटका करून घेतली होती. सविस्तर टिपणी सादर करतो म्हणणाऱ्या माणसाच्या वाटेला सरकारात कोणी जात नाही, कारण ती टिपणी वाचावी लागेल हे भय वरिष्ठांनाही असते.

यथावकाश हुकूम निघाला. माझ्या 'अधीक्षक' या पदाला, ज्याला आमच्याकडचे जुने लोक अद्यापि शिरस्तेदारच म्हणत, त्या हुकुमात 'तथा परिवर्तन व सुधारणा समन्वयक' असे शेपूट जोडलेले होते, आणि अखेरीस 'सदर कार्यभार अतिरिक्त व विनामोबदला समजावा' असे वाक्य होते. त्या वाक्यात मात्र कसलेही परिवर्तन नव्हते.

मग प्रशिक्षणासाठी माझी व आमच्या अव्वल कारकुनांची रवानगी तीन दिवसांकरिता एका मोठ्या शहरी झाली. ज्या दालनात आम्हांला बसविले ते इतके थंड होते की, मे महिन्याच्या दुपारी निम्मे प्रशिक्षणार्थी गळ्याभोवती टॉवेल गुंडाळून बसले होते. आणि पहिला विषय निघाला तोही बर्फाचाच. कुर्ट लेविन नावाचा एक मानसशास्त्रज्ञ जर्मनीत होता; हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ साली तो अमेरिकेत गेला, आणि १९४७ साली, म्हणजे त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, प्रसिद्ध झालेल्या एका निबंधात त्याने असे मांडले की, मनुष्यसमूहाची रीत पालटावयाची तर जे गोठलेले आहे ते प्रथम वितळवावे, मग हव्या त्या दिशेला सरकवावे, आणि सरकल्यावर पुन्हा गोठवावे. प्रशिक्षक तरुण होते, उत्साही होते, आणि त्यांनी फळ्यावर बर्फाचा चौकोन, पाण्याचा ओघळ व बर्फाचा त्रिकोण अशी चित्रे सुबक काढली होती. मागच्या रांगेतून चंद्रपूरकडच्या एका गृहस्थाने हात वर केला. "साहेब, आमच्याकडे पहिली पायरी मार्चअखेरीस आपोआप पार पडते. दुसरीही पडते. तिसरीसाठी काही अनुदान आहे का?"

याच लेविनच्या एका प्रयोगाची हकीकत मात्र मी कान देऊन ऐकली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले चांगले मांस सैन्याकडे जाऊ लागले, तेव्हा घरोघरच्या गृहिणींनी हृदय, मूत्रपिंड असले सहसा टाळले जाणारे अवयव रांधावेत अशी सरकारची इच्छा होती. काही गृहिणींना आहारशास्त्राचे एक उत्तम व्याख्यान देण्यात आले. इतरांना गोलाकार बसवून तोच विषय आपसांत बोलू दिला आणि शेवटी निर्णय त्यांच्यावर सोपविला. पुढे चौकशी केली तेव्हा, व्याख्यान ऐकलेल्यांपैकी शेकडा ३, तर स्वतः चर्चा करून ठरविलेल्यांपैकी शेकडा ३२ जणींनी ते पदार्थ खरोखर केले असे आढळले. व्याख्यानाने माणूस बदलत नाही हा सिद्धान्त आम्हांला नव्वद मिनिटांच्या व्याख्यानातून पटवून देण्यात आला, हे कोणाच्या लक्षात आले की नाही कोण जाणे. माझ्या शेजारी आमचे अव्वल कारकून अण्णा बसले होते. ते माळकरी, अवयवांच्या यादीपासूनच त्यांनी डोळे मिटून घेतले होते. ते डोळे न उघडता म्हणाले, "आणि त्या बत्तीस घरांतल्या नवऱ्यांना कोणी विचारले होते काय?"

सगळे हसले, प्रशिक्षकही हसले आणि पुढच्या चित्राकडे वळले. पण चार वर्षे त्या खटाटोपात काढल्यावर आज मला असे वाटते की, तीन दिवसांत त्या दालनात विचारला गेलेला एकमेव कामाचा प्रश्न तोच होता.

दुसऱ्या दिवशी हार्वर्डचे एक अध्यापक जॉन कॉटर यांच्या आठ पायऱ्या झाल्या. त्यांनी १९९५ साली लिहिलेल्या लेखानुसार, परिवर्तनाची पहिली पायरी म्हणजे संस्थेत निकडीची भावना उत्पन्न करणे. ही पायरी ऐकून मला आमच्या आवक शाखेची आठवण झाली. एके काळी आमच्याकडे एखाद्या कागदास 'तातडीचे' अशी लाल चिठ्ठी लावली की तो चार दिवसांत निघत असे. पुढे सगळ्याच कागदांना ती चिठ्ठी लागू लागली, म्हणून 'अत्यंत तातडीचे' ही चिठ्ठी छापून घ्यावी लागली. तिचेही मोल उतरले तेव्हा 'आजच' आली. आणि शेवटी अशी वेळ आली की, ज्या कागदाला कोणतीच चिठ्ठी नाही तोच उठून दिसे, आणि हा काय प्रकार आहे या कुतूहलाने सर्वांत आधी निकालात निघे. निकड ही रुपयासारखी वस्तू आहे, फार छापली की तिचे काही येत नाही. तिसऱ्या दिवशी शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्याची गोष्ट झाली. तेथे १९२४ पासून दिव्यांचे प्रयोग सुरू झाले. प्रकाश वाढविला तेव्हा उत्पादन वाढले, कमी केला तेव्हाही ते खाली येईना, आणि पुढे त्यावरून असा अर्थ लावण्यात आला की, माणसे दिव्यामुळे नव्हे, तर आपल्याकडे कोणीतरी पाहत आहे या जाणिवेने काम करतात. भारनियमनाच्या कृपेने हा प्रयोग आमच्याकडे कित्येक वर्षे विनामूल्य चालू होता. कमतरता होती ती पाहणाऱ्याची.

परत आल्यावर मी प्रथम जी गोष्ट केली ती म्हणजे एक फळा विकत घेतला. परिवर्तनाला फळा लागतो, पांढरा लागतो, आणि त्यावर तीन रंगांच्या लेखण्या लागतात, एवढे मला त्या तीन दिवसांत निःसंशय कळले होते. तीन दरपत्रके मागविली, तुलनात्मक तक्ता केला, मंजुरी घेतली, आणि सहा फूट बाय चार फूट असा तो फळा माझ्या नावे जडसंग्रह नोंदवहीत चढविण्यात आला. या तपशिलाचे महत्त्व तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही. त्या फळ्यावर मी मोठ्या हौसेने डेमिंगचे चक्र काढले. हे डेमिंग म्हणजे १९५० साली जपानी कारखानदारांना गुणवत्तेचे धडे देणारे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ. त्यांच्या नावाने ओळखले जाणारे हे चक्र म्हणजे आधी योजा, मग करा, मग तपासा, मग सुधारा, आणि पुन्हा योजा. चार बाण, चार शब्द, मध्ये 'नागरिक'. आमचे शिपाईमामा बराच वेळ त्या वर्तुळापुढे उभे राहिले. माझ्या आधी पाच वर्षे ते त्या इमारतीत रुजू झालेले. "हे तर आपल्याकडे पहिल्यापासनं आहे की भाऊसाहेब," ते म्हणाले, "टिपणी, शेरा, त्रुटी, पुन्हा टिपणी. आणि मधी तो बिचारा उभा."

फळा लागल्यावर साहेबांना चेव आला. त्यांनी प्रथम नावे बदलली. आवक-जावक बारनिशीच्या दारावर 'नागरिक संवाद कक्ष' अशी पाटी आली, अभिलेख कक्ष 'ज्ञानकोष' झाला, आणि मामांच्या स्टुलावर 'सुविधा सहायक' असे चिकटविण्यात आले. यावर हसण्याचा मला अधिकार नाही, कारण पाट्यांचा मजकूर माझाच होता. तथापि नामांतराने कारभार किती बदलतो याचा विचार करताना मला आपल्याच इतिहासातील एक भव्य उदाहरण आठवे. राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध करविला, आणि तेराशेहून अधिक यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द मिळाले. पेशवे मुख्य प्रधान झाले, मुजुमदार अमात्य झाले, सुरनीस सचिव, वाकनीस मंत्री आणि डबीर सुमंत झाले. एवढ्या थोर राजाची आज्ञा, एवढा विद्वान पंडित, आणि कार्यही सर्वथा योग्य. पण पुढच्या शतकात शनिवारवाड्यातून राज्य चालले ते पेशवे याच नावाने, आणि त्यांच्या दरबारी फडणीस होते, चिटणीस होते, कारकून होते. मग तो कोश वाया गेला का? तसेही नाही. अडीच-तीनशे वर्षे थांबून 'सचिव' आणि 'मंत्री' हे दोघे मुंबईत असे काही आले की, १९७५ साली सचिवालयाचे मंत्रालय झाले ते या कोशातल्या एका शब्दाने दुसऱ्याला बाजूला सारून! काही सुधारणांना मुरावयास तीन शतके लागतात. आमच्या साहेबांची बदली तीन वर्षांत होणार होती.

'नागरिक संवाद कक्षा'त पहिल्या दिवशी आलेला शेतकरी ती पाटी वाचून, घाबरून परत फिरला आणि मामांना विचारू लागला, "अहो, बारनिशी कुठं गेली?"

या अनुभवानंतर मी परदेशी शास्त्र तात्पुरते बाजूस ठेवले आणि आपल्या मातीतल्या एका सुधारणेकडे वळलो. अहमदनगरचे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी असताना अनिलकुमार लखिना यांनी १९८० नंतरच्या वर्षांत तेथील कचेरीत जी पद्धत बसविली ती 'लखिना पॅटर्न' या नावाने महाराष्ट्रभर गेली, आणि सहा गठ्ठे हे तिचे मर्म होय. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या दप्तरातील एकूणएक कागद सहांपैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे: ज्यावर आपण स्वतः कारवाई करावयाची ती प्रलंबित प्रकरणे, ज्यावर दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहावयाची ती प्रतीक्षाधीन, ठरावीक मुदतीने पाठवावयाची नियतकालिके, स्थायी आदेशांच्या संचिका, काम संपून अभिलेख कक्षात धाडावयाचे कागद, आणि मुदत भरताच नष्ट करावयाचे 'ड' वर्गाचे कागद. मला या पद्धतीचे मनापासून कौतुक वाटते. तिच्यात बर्फ नाही, पायऱ्या नाहीत, बाण नाहीत. ती कारकुनाला प्रत्येक कागदाबद्दल एवढेच विचारते की, बाबा, हा आता कोणासाठी थांबला आहे? आणि हा प्रश्न इतका अडचणीचा आहे की त्याचे उत्तर द्यावे लागू नये म्हणून माणसे आयुष्यभर कागद एकावर एक रचीत राहतात.

आमच्या कार्यालयात ही पद्धत पूर्वीच, निदान रंगकामापुरती, लागू झालेली होती. प्रत्येक मांडणीवर एक ते सहा अंक तेलरंगात लिहिलेले होते. फक्त एकच्या खणात जेवणाचे डबे, दोनच्या खणात स्वेटर आणि लोकर, तीनच्या खणात गेल्या वर्षीचे दिवाळी अंक आणि सहाच्या खणात, म्हणजे जेथे नष्ट करण्याजोगे कागद असावयाचे तेथे, चालू प्रकरणे, असा काही तपशिलातला फरक पडला होता. आम्ही सर्व कपाटे उघडली. जपानी लोक या कामाला पाच 'एस' म्हणतात, त्यातले पहिले तीन म्हणजे नको ते काढणे, हवे ते जागेवर लावणे आणि झाडलोट करणे. आमच्याकडे ही तिन्ही कामे खंडेनवमीला होतात, कपाटाला झेंडूची माळ आणि दाराला आंब्याचा टाळा लागतो, आणि दसऱ्याचे सोने लुटून झाले की कपाट पुन्हा वर्षभर मिटते. त्यामुळे सप्टेंबरातच कपाटे उघडलेली पाहून बारनिशीच्या बाईंनी, "यंदा दसरा अलीकडे आला का हो?" असे विचारले, यात त्यांचा दोष नव्हता.

धूळ निघाली, तीन छत्र्या निघाल्या, विझलेला एक कंदील निघाला, आणि एका अधिकाऱ्याची हरवली म्हणून जिच्यावरून विभागीय चौकशी झाली होती ती संचिका एका लोणच्याच्या बरणीखाली सापडली. आठ दिवसांत सहाही गठ्ठे बांधून झाले. साप्ताहिक गोषवारा मी फळ्यावर लिहू लागलो, आणि दुसऱ्या महिन्यापासून प्रलंबित प्रकरणांचा आकडा असा झपाट्याने उतरू लागला की, साहेबांनी माझी पाठ थोपटली. मीही काही दिवस ताठ चाललो. मग एके दिवशी दोन्ही रकाने शेजारी-शेजारी मांडले, तेव्हा दिसले की, पहिला गठ्ठा जेवढा रोडावला होता, दुसरा तेवढाच बाळसे धरून बसला होता. आमच्या लोकांनी अंगी असलेल्या कुशाग्रतेने हे ताडले होते की, कोठल्यातरी कार्यालयाला 'माहिती तात्काळ पाठवावी' असे एक पत्र लिहिले की आपला कागद आपला राहत नाही, तो दुसऱ्यासाठी थांबलेला होतो. जिल्ह्यातली सगळी कार्यालये त्या हंगामात एकमेकांची वाट पाहत होती.

आणि याच सुमारास मला सातवा गठ्ठा सापडला.

अण्णांच्या खुर्चीमागे, भिंत आणि कपाट यांच्या फटीत, रंग उडालेल्या रुमालात बांधलेला तो गठ्ठा होता. त्यावर अंक नव्हता, वर्ग नव्हता, यादी नव्हती. मी त्याला हात लावला तेव्हा अण्णा खुर्चीतून उठले. इतक्या वर्षांत वरिष्ठ आत आल्यावाचून त्यांना उठताना मी प्रथमच पाहिले. "तो राहू द्या भाऊसाहेब," ते म्हणाले. "सहा गठ्ठे कागदांचे. हा माणसांचा आहे."

मी बसलो, त्यांनी रुमाल सोडला, आणि एकेक कागद काढून मला दाखवू लागले. ज्यांवर पूर्वीच्या कोणा साहेबांनी 'चर्चा करावी' असा शेरा मारला आणि चर्चा होण्यापूर्वी ज्यांची बदली झाली, असे कागद त्यात होते. आवारातल्या विहिरीसाठी दोर व पोहरा मिळावा अशी १९६८ ची मागणी होती. विहीर बुजवून तेथे वाहनतळ झाला तरी ती मागणी रीतसर जिवंत होती. दोन शेजाऱ्यांचा बांधाचा तंटा होता, ज्यावर अभिप्राय द्यावयाचा अण्णांनी अकरा वर्षे टाळला होता. "का टाळला?" मी विचारले. "कोणाच्याही बाजूने दिला असता तरी डोकी फुटली असती. आता ते व्याही आहेत. मीच अक्षता टाकून आलो." मी निरुत्तर झालो. हॉथॉर्नपासून हार्वर्डपर्यंत कोणीही मला असे सांगितले नव्हते की, काही कागद न हलविणे हेही काम असते.

पण त्याच रुमालात, खालच्या बाजूस, एका शिपायाच्या विधवेचा कुटुंबनिवृत्तिवेतनाचा अर्ज निघाला. त्याला कसली चर्चा नको होती, कोणाचे डोके फुटणार नव्हते. एका दाखल्यावर एक सही राहिली होती, ती कोणी घ्यावयाची हे ठरले नाही म्हणून तो अर्ज शहाण्या कागदांच्या संगतीत येऊन झोपला होता. मी तो अण्णांपुढे ठेवला. आम्ही दोघेही काही बोललो नाही. सही मिळावयास, जिना चढून-उतरून, वीस मिनिटे लागली. त्या दिवशी अण्णा डबा न उघडता घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी येण्यापूर्वीच तो सातवा गठ्ठा माझ्या टेबलावर आणून ठेवलेला होता, कागदागणिक यादीसह. परिवर्तन या विषयावर मी जे काही शिकलो असेन ते त्या यादीच्या सुवाच्य अक्षराहून फार वेगळे नाही.

त्या यादीतला शेवटचा कागद वाचून मात्र मला घाम फुटला. तो माझ्या एका पूर्वसूरी शिरस्तेदारांना मिळालेला हुकूम होता, टंकलिखित, पिवळा पडलेला: 'कार्यालयीन कार्यपद्धतीत सुधारणा घडवून आणणेकामी आपली नियुक्ती करण्यात येत आहे, सदर कार्यभार अतिरिक्त व विनामोबदला समजावा.' खाली त्यांच्या वळणदार हस्ताक्षरात एकच ओळ: 'पुढील कार्यवाही नवीन साहेब रुजू झाल्यावर.'

त्या चार वर्षांत जी एक सुधारणा खरोखर टिकली तिच्याशी माझा काडीचाही संबंध नव्हता. बारनिशीच्या बाईंना दिवसातून पन्नास वेळा एकच उत्तर द्यावे लागे, की अमुक अर्जाला तमुक कागद लागतात, आणि त्यांच्या घशाला त्रास सुरू झाला होता. डॉक्टरांनी कमी बोलावयास सांगितले. म्हणून त्यांनी नेहमीच्या चार अर्जांना लागणाऱ्या कागदांची यादी मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहिली आणि खिडकीबाहेर सुतळीने टांगली. दीड महिन्यात खिडकीपुढची रांग निम्मी झाली, कारण रांगेतला निम्मा माणूस दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेचा असे. मी हे साहेबांना सांगितले. साहेब म्हणाले, "उत्तम! याला आपण नाव काय द्यायचे?" मी बाईंना विचारले. त्या खुणेने म्हणाल्या, घसा.

नंतर साहेबांची बदली झाली. नवे साहेब रुजू झाले, त्यांना झाडांची आवड होती, आणि आमचे कार्यालय 'हरित' झाले. सहाही गठ्ठ्यांवर मनीप्लांटच्या बाटल्या आल्या. मी परिवर्तनाची संचिका रीतसर टिपणीसह त्यांच्यापुढे ठेवली आणि ती कोणत्या वर्गात ठेवावी याविषयी आदेश मागितले: 'अ' केली तर ती कायम जतन होणार होती, 'ड' केली तर वर्षभराने नष्ट होणार होती. चौथ्या दिवशी संचिका परत आली. त्यावर शेरा होता, 'चर्चा करावी'. मी ती अण्णांकडे दिली. अण्णांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि ती कोठे गेली हे मी विचारले नाही.

निवृत्तीच्या महिन्यात माझे प्रकरण ना-देय प्रमाणपत्रासाठी अडले. जडसंग्रह नोंदवहीत माझ्या नावे एक फळा होता, सहा फूट बाय चार फूट, आणि तो परत केल्याची नोंद नव्हती. सभागृहात नव्हता, माझ्या दालनात नव्हता, वऱ्हांड्यात नव्हता. लेखाशाखेतला मुलगा अत्यंत विनयाने म्हणाला, "काका, नाहीतर किंमत भरून टाका." मी ती भरण्याच्या तयारीत असताना मामांनी मला हात धरून मागच्या बाजूस नेले. तेथे पश्चिमेच्या खिडकीला काच नव्हती आणि दुपारचे ऊन थेट सगळ्यांच्या डब्यांवर येई. त्या खिडकीत माझा फळा तारेने घट्ट बसविलेला होता, डेमिंगचे चक्र आतल्या बाजूस, किंचित पुसट झालेले, पण चारही बाण शाबूत. खाली चटईवर बसून साताठ जण जेवत होते. "दोन वर्षं झाली," मामा म्हणाले, "ह्याच्याइतकी सोय कोणी केली नाही बघा भाऊसाहेब."

लेखाशाखेतल्या मुलाने तेथेच उभे राहून नोंदवहीत लिहिले: फळा, नग १, सुस्थितीत, वापरात. आणि प्रमाणपत्र दिले.